अहवालातला कोरा रकाना

नकाशावाल्यांची संस्था पुण्यासारख्या शहरात भरली, की एरवी एकमेकांना कधी न भेटणारी माणसं एका खोलीत येतात. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले मोजणीदार, भूगोलाचे प्राध्यापक, हिंजवडीत बसून परदेशातल्या शहरांच्या गटारांचे नकाशे काढणारी मुलं, ड्रोन उडवणारे, धरणातला गाळ मोजणारे अभियंते. देशपातळीवर अशा संस्था जुन्या आहेत. इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग १९६९ ची, इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स १९९३ ची, आणि त्यांच्या शाखाही ठिकठिकाणी आहेत. मी ज्या मंडळींबद्दल लिहितो आहे त्यांची संस्था यापुढे अगदी लहान. नाव सांगून उपयोग नाही, कोणी ओळखणार नाही.

वर्षाचा सांगाडा सगळ्यांचा सारखाच असतो. २१ मार्च, जागतिक सर्वेक्षक दिन. १० एप्रिल, राष्ट्रीय सर्वेक्षण दिन, कारण १८०२ साली त्या दिवशी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आपली आधाररेषा मोजायला घेतली. १२ ऑगस्ट, विक्रम साराभाईंचा जन्मदिवस, म्हणून सुदूर संवेदन दिन. नोव्हेंबरात जीआयएस दिन. मधल्या मोकळ्या जागेत कार्यशाळा, वेबिनार, एखादी सहल. मग वार्षिक सभा तोंडावर येते आणि कोणाला तरी अहवाल लिहावा लागतो.

यंदा तो कार्यवाह ताईंनी लिहिला होता. त्या एका जीआयएस कंपनीत प्रकल्प सांभाळतात. तो वाचून शेरे मारायला निमतानदार काका बसले होते. निमतानदार म्हणजे मोजणीदाराने केलेलं काम जागेवर जाऊन तपासणारा माणूस. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासण्याची खोड गेलेली नाही. मी शुद्धलेखन बघायला गेलो होतो आणि ते करायचं राहूनच गेलं.

काका: ताई, अहवाल चांगला आहे. एकच शंका. समईचे फोटो चार आहेत, शेताचा एकही नाही.

ताई: समई चारदा लावली म्हणून चार आहेत, काका.

काका: तेच म्हणतोय. १० एप्रिलला आपण काय केलं?

ताई: व्याख्यान. लॅम्बटनवर. ते अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून आपटलं, मग त्याने तंबूत बसून ते स्वतःच्या हाताने ठोकून ठोकून सरळ केलं. हॉल भरला होता.

काका: आणि तो वारला कुठे?

ताई: हिंगणघाटला, जानेवारी १८२३ मध्ये. तेही सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा चहाला उठला होतात.

काका: असेन. पण बघा, हिंगणघाट आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यात. सत्तरीच्या आसपासचा माणूस, हैदराबादेहून नागपूरला मुक्काम हलवायला निघालेला, वाटेत गेला. तिथेच पुरला. आपण त्याच्यावर दोन तास बोललो आणि हॉलबाहेर एक खुंटी ठोकली नाही. ज्या दिवशी मोजणी सुरू झाली त्या दिवशी निदान एक रेघ तरी मोजावी माणसाने.

ताई: त्या हॉलमधली निम्मी मुलं कॉलेजातली होती. त्यांना तुमची रेघ मोजायला लावली असती तर उन्हात अर्धी पळाली असती. व्याख्यान संपल्यावर सतरा जणांनी विचारलं, या क्षेत्रात नोकरी कशी मिळते. क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरची कार्यशाळा आपण त्यांच्यासाठी घेतली, फुकट. त्यांच्या विभागात विकतचं सॉफ्टवेअर असलंच तर एखाद्या संगणकावर असतं आणि त्या खोलीला कुलूप असतं.

काका: कार्यशाळेला माझा विरोध नाही.

ताई: आहे. तुम्ही शेरा मारलाय, ‘हा टायपिंग क्लास आहे.’

काकांनी तसा शेरा मारला होता खरा. मला तो अन्यायाचा वाटला. जी मुलं आज उपग्रहाच्या प्रतिमेवर शेतांच्या कडा गिरवतात, त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत दारं खरोखर उघडली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. त्याआधी बारीक तपशिलाच्या कामाला परवानग्यांची रांग लावावी लागे. आता एक मीटरपेक्षा बारीक तपशील गोळा करणं भारतीय कंपन्यांना मोकळं आहे, परदेशी कंपन्यांना ते स्वतः करता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टात ड्रोनचे नवे नियम आले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण. अशा वेळी तरुणांना हत्यार हातात देणाऱ्या संस्थेला टायपिंग क्लास म्हणणं बरं नाही. पण काकांचा रोख वेगळाच होता, तो पुढे कळला.

ताई: बरं, ड्रोनची कार्यशाळा तरी? तीसुद्धा हॉलमध्ये झाली नाही. लोहगावचा हवाई तळ आहे, शहरात उडवता येत नाही, म्हणून सगळ्यांना बाहेर नेलं.

काका: तिला मी आलो होतो. माळावर उडवला. माळावर कोणाचं काय आहे? गवत आहे. गावठाणात उडवा, म्हणजे कळेल.

ताई: गावठाणाचं काम महाराष्ट्रानेच आधी करून दाखवलं, काका. स्वामित्व योजना देशात २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली, पण पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीच्या गावठाणावर ड्रोन त्याआधीच फिरला होता. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांना कागद नव्हता, त्यांना मिळकत पत्रिका मिळायची वाट झाली. कर्जाला तारण ठेवता येईल असा कागद. हे तुमच्या साखळीने किती वर्षांत झालं असतं?

काका: झालं नसतं. मान्य. पण त्या कामात ड्रोन किती वेळ उडतो आणि चुना टाकायला किती वेळ लागतो, सांगा.

चुन्याचा उल्लेख आला तसे काका खुर्चीत पुढे सरकले. गावठाणाच्या मोजणीत ड्रोन येण्याआधी प्रत्येक मालकाने आपल्या मिळकतीची हद्द चुन्याने आखायची असते, वरून दिसावी म्हणून. ही रेघ शेजारच्याला मान्य असावी लागते. दोन भावांच्या वाटणीत मधला बोळ कोणाचा, ओटा घरात धरायचा की रस्त्यात, परसातला हौद सामाईक की थोरल्याचा, हे सगळं त्या रेघेपाशी ठरतं किंवा पेटतं.

काका: ड्रोनला काय दिसतं? पत्रा दिसतो, कौलं दिसतात. भिंत दिसत नाही. कौलं भिंतीच्या पुढे हात-दोन हात आलेली असतात. पागोळी कुठे पडते यावर आमच्याकडे खानदानी वैरं आहेत. वरून बघणारा म्हणतो घर इथपर्यंत. खालचा म्हणतो, छपराची वळचण माझ्या जागेवर येते, पण जागा माझी. आता खरं कोण?

ताई: म्हणूनच प्रतिमेवरून रेघा काढल्या की तो नकाशा परत गावात न्यायचा असतो. जागेवर पडताळायचा. पद्धतीत ते लिहिलेलं आहे.

काका: लिहिलेलं आहे हे मलाही माहीत आहे. मी विचारतो, तुमच्या कार्यशाळेत ते कितव्या सत्रात होतं?

ताई: दुपारच्या शेवटच्या. वेळ कमी पडला.

काका: का कमी पडला?

ताई: प्रायोजकांचं प्रात्यक्षिक लांबलं.

इथे दोघंही हसले, पण वेगवेगळ्या कारणांनी. प्रायोजक नसता तर जेवण नसतं, ताईंना हे ठाऊक आहे. वर्गणीतून हॉलचं भाडंसुद्धा निघत नाही. यंत्र विकणारा येतो, बॅनर लावतो, चाळीस मिनिटं बोलतो आणि बिल भरतो. काकांना वर्गणी वाढवलेलीही चालत नाही.

मग गाडी रोव्हरवर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणाऱ्या हातातल्या यंत्रावर आली, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं बोलणं तिथे झालं.

ताई: तुमच्या पिढीला नव्या यंत्रांचा राग आहे, असं मला कधीकधी वाटतं. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात ७७ ठिकाणी कॉर्सची, म्हणजे रोव्हरला सतत दुरुस्ती पुरवणारी, स्थानकं बसवली. शेतात रोव्हर घेऊन उभं राहिलं की काही सेंटीमीटरच्या आत जागा कळते. पूर्वी दिवस जायचा तिथे तासाभरात काम होतं. आणि एक बोलू का? रोव्हरला कोणाची ओळख नसते. साखळी ओढणारा माणूस गावात उतरला की पाटलाच्या घरी जेवायचा. विधवा बाईच्या बांधावर तीच साखळी जरा सैल पडायची. तुम्ही तसे नसाल, पण हे होत नव्हतं असं म्हणू नका.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत.

काका: होत होतं. म्हणून तर निमतानदार होता. मोजणीदाराने मोजायचं आणि दुसऱ्याने जाऊन त्यातलं काही पुन्हा मोजून बघायचं. ही पद्धत उगाच नाही आली. इंदापूर तालुक्याची पहिली इंग्रजी मोजणी प्रिंगलने केली. फार हुशार माणूस, विलायतेत अर्थशास्त्र शिकून आलेला, प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायला निघाला. खालच्या लोकांनी कागदावर काय भरलं ते जागेवर तपासलंच गेलं नाही नीट. आकारणी अशी बसली की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापुरात पुन्हा सुरुवात केली, आणि ती पद्धत अख्ख्या मुंबई इलाख्यात गेली. आपला सातबारा त्याच घराण्यातला.

ताई: हे तुम्ही व्याख्यानात का सांगत नाही?

काका: कारण मला व्याख्यान द्यायचं नाही. आता तुमच्या सेंटीमीटरचं. जुन्या मोजणीचं टिपण कशावर झालं? शंकू साखळीवर. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. मग एक आणा किती झाला?

ताई: दोन फुटांच्या जरा वर.

काका: दोन फूट. टिपणात लिहिणाऱ्याने साखळी आणि आण्यात लिहिलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, उन्हात, चढउतारावर. त्यावरून गावचा नकाशा काढला, तो कापडावर चिकटवला, घड्या पडल्या, ताणला, आखडला. तो तुम्ही स्कॅन केला. त्याच्यावर रोव्हरचे बिंदू टाकले. आणि शेतकऱ्याला सांगितलं, तुझा बांध दीड फूट सरकलाय, उपग्रह सांगतोय.

ताई: उपग्रह तसं सांगत नाही. उपग्रह सांगतो की बांध आज इथे आहे.

काका: हेच! बांध आज कुठे आहे हे तो बरोबर सांगतो. पूर्वी कुठे होता हे त्याला कसं कळणार? ते टिपणात आहे, आणि टिपण स्वतःच दोन फुटांची भाषा बोलतं. लगतधारक दोघं भांडत असतात दीड फुटावर. मूळ कागदात त्या दीड फुटाला जागाच नाही. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात पडली की त्यांतला एक वकिलाकडे जातो. वकील म्हणतो, सॅटेलाइटची मोजणी आहे, दावा पक्का. दहा वर्षं गेली. त्या जमिनीपेक्षा वकिलाची फी मोठी.

ताई: मग उपाय काय? रोव्हर टाकून साखळी आणू?

काका: मी असं कुठे म्हटलं? रोव्हर उत्तमच आहे. नवी वाटणी, नवा रस्ता, नवं भूसंपादन, तिथे आज मोजलेलं पुढच्या दोनशे वर्षांना पुरेल. आमच्याकडे ते असतं तर मी नाचलो असतो. माझं म्हणणं इतकंच की हे दोन प्रकार वेगळे आहेत हे शेतकऱ्याला कोण सांगणार? खात्यातला माणूस सांगणार नाही, त्याला हद्द दाखवून दुसऱ्या गावाला जायचंय. यंत्र विकणारा सांगणार नाही. वकील तर नाहीच नाही. आपल्या संस्थेत या तिन्ही जातीची माणसं आहेत, आणि वर्षभरात यावर एक ओळ नाही.

मला इथे काकांची बाजू घ्यायची आहे, आणि ती घेताना ताईंचा मुद्दा सोडायचाही नाही. ओळखीच्या माणसाची साखळी सैल पडते हे खरंच आहे. अक्षांश-रेखांश छापून हातात आले की दुबळ्या माणसाला दाखवायला काहीतरी होतं, आणि पुढच्या वेळी खुणेचा दगड कोणी रात्रीत हलवला तर तो परत जागेवर बसवता येतो. हा फायदा लहान नाही. पण मोजमाप किती बारीक आहे आणि ते कशाशी ताडून पाहिलं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कंपनी, खातं, विद्यापीठ यांपैकी कोणालाही दुसरा प्रश्न विचारण्याचे पैसे मिळत नाहीत. वर्गणी भरून रविवारी जमणाऱ्या लोकांनी तो विचारायचा नाही तर कोणी?

ताई: तुम्ही म्हणता तसं काहीच आपण केलं नाही असं नाही. वाड्या-पाड्यांची मॅपॅथॉन केली. सह्याद्रीतली घरं उपग्रह प्रतिमेवरून मुक्त नकाशावर टाकली. माळीण विसरलात? ३० जुलै २०१४. अख्खं गाव दरडीखाली गेलं आणि बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. त्याला गाव दिसलं नाही म्हणून. इरशाळवाडीला जुलै २०२३ मध्ये तर एसटीही जात नव्हती, डोंगरावर रस्ताच नव्हता. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. घरं नकाशावर असणं हीच तिथे पहिली गरज आहे. हे काम मुलांनी संगणकावर बसून केलं. तुमचा टायपिंग क्लास.

काका: हे काम मला आवडलं होतं.

ताई: मग शेरा कुठाय?

काका: आहे ना. पान सहा. ‘नावं नाहीत.’ घरांचे चौकोन टाकले, वाडीचं नाव नाही. जिथे टाकलं तिथे ‘ठाकरवाडी’. कर्जत-खालापूर भागात ठाकरवाड्या किती? पावसात रात्री दोन वाजता कोणी फोन केला, ठाकरवाडीवर दरड आली, तर गाडी कुठे न्यायची? वाडीतली माणसं आपसात तिला दुसऱ्याच नावाने ओळखतात. ते नाव प्रतिमेत दिसत नाही, जाऊन विचारावं लागतं.

ताई: ग्रामपंचायतीच्या यादीतून घेता येईल.

काका: यादीत नाव असतं, घरं नसतात. तुमच्या नकाशात घरं आहेत, नाव नाही. मध्ये एक माणूस चालत गेला पाहिजे.

ताईंनी हे लिहून घेतलं. वाद चालू असताना प्रतिपक्षाचं बोलणं टिपून घेणारी माणसं मला फार आवडतात, आणि अशा संस्था टिकतात त्या त्यांच्यामुळेच. समईमुळे टिकत नाहीत हे तर उघडच आहे.

या सगळ्यात माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला कार्यक्रम अहवालात दीड ओळीत उरकला होता. आंबिल ओढ्याच्या काठाने चालत जाणं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा पुण्यात घराघरांत शिरला, माणसं गेली. कात्रजकडून निघून मुठेला मिळेपर्यंत तो कुठे उघडा आहे, कुठे भिंतीत कोंबलाय, कुठे स्लॅबखाली गेलाय हे जुना नकाशा, आजची प्रतिमा आणि स्वतःचे पाय अशा तिन्ही गोष्टींनी पाहायचं, असा बेत होता. दोन प्राध्यापक, तीन मुलं आणि काका. एका सोसायटीच्या रखवालदाराने सांगितलेली पाण्याची पातळी त्या मुलांनी भिंतीवर टेप लावून मोजली. पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदाच्याची लाल, हे ती पुस्तकात शिकली होती. त्या भिंतीपाशी मात्र त्यांनी रंगांबद्दल काही विचारलं नाही, ‘इथे कोण राहायचं’ असं विचारलं. प्रायोजक नव्हता. फोटोही धड नाहीत, म्हणून दीड ओळ.

काका: एक सुचवतो. अहवालात तक्ता आहे ना, दिनांक, कार्यक्रम, वक्ते, उपस्थिती? त्यात आणखी एक रकाना घाला. ‘काय तपासलं’.

ताई: अर्ध्याहून जास्त जागा कोरी राहील.

काका: राहू दे. छापा कोरी.

ताई: काका, हा अहवाल प्रायोजकांकडेही जातो.

काका: ते वाचतात?

ताई: वाचत नाहीत. पण कोरा रकाना दिसतो. आणि मला दुसरीही भीती आहे. एकदा असा रकाना आला की पुढच्या वर्षी लोक तो भरण्यासाठी काहीतरी तपासतील. हॉलची लांबी मोजून लिहितील. मुलांना यंत्र शिकवलं, याचा ‘तपासलं’ मध्ये काय हिशेब? काही कामांचं फळ पाच वर्षांनी दिसतं. त्या सतरा जणांतला एखादा उद्या तुमच्याच खात्यात मोजणीला लागेल आणि पागोळीचा प्रश्न त्याला आधीच माहीत असेल. ते तक्त्यात कुठे लिहू?

काका: तो पागोळीचा प्रश्न त्याला माहीत असेल तर. आत्ता तो शेवटच्या सत्रात आहे.

ताई: पहिल्या सत्रात आणते. प्रात्यक्षिक शेवटी टाकते. पण मग पहिलं सत्र तुम्ही घ्यायचं. व्याख्यान देत नाही ही सबब चालणार नाही.

काका: हॉलमध्ये नाही घेणार.

ताई: मग कुठे, हिंगणघाटला? पुण्याहून रात्रभराचा प्रवास आहे.

काका: सोनोरीला. सासवडच्या पुढे. गावातल्या लोकांना विचारू, नकाशा हातात आल्यावर काय काय झालं. कोणाला कर्ज मिळालं, कोणाचं भांडण मिटलं, कोणाचं नवं लागलं. ते ऐकायचं, दोन घरांच्या भिंती टेपने मोजायच्या, पत्रिकेशी ताडायच्या. १० एप्रिललाच करू.

ताई: एप्रिलमध्ये ऊन.

काका: मोजणीचा हंगाम उन्हाळाच असतो, ताई. पिकं निघालेली असतात. आम्ही आयुष्यभर एप्रिल-मेमध्येच बांधावर उभे होतो. पावसात चुना टिकत नाही.

ताई: ग्रामपंचायतीला आधी पत्र द्यावं लागेल. मालकांची परवानगी. उगाच कोणाच्या भिंतीला टेप लावला आणि शेजाऱ्याने पाहिलं तर आपल्यामुळेच नवं भांडण सुरू व्हायचं.

काका: हे बरोबर बोललात. हे मला सुचलं नव्हतं. पत्राचा मसुदा मी करतो, सरपंचांना आधी जाऊन भेटतो.

एवढ्यात खजिनदार आले. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, बसचं भाडं कोण देणार?

ताई: यंत्रवाल्यांना विचारू?

काका: अजिबात नाही. बॅनर घेऊन गावठाणात शिरलात तर लोकांना वाटेल घरपट्टी वाढवायला आलेत. सासवडपर्यंत बस आहे. पुढे बघू.

ताई: आणि रोव्हर, ट्रायपॉड, टेप, पाणी?

काका: आम्ही साखळी, झेंडे, फलकयंत्र, सगळं एसटीच्या टपावर टाकून न्यायचो.

ताई: आता टपावर टाकू देत नाहीत, काका.

खजिनदारांनी वहीत ‘सोनोरी, वाहन: अनिश्चित’ असं लिहिलं, आणि वर्गणी पन्नास रुपयांनी वाढवण्याचा ठराव वार्षिक सभेपुढे ठेवायचा ठरलं. काकांनी त्याला तिथल्या तिथे विरोध नोंदवला.